प्रवाह

कोर्टाच्या कंपाउंडबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. कन्नडातून इंग्रजी, इंग्रजीतून मराठी,
पानाला चाळीस रुपये, शिक्का धरून.
एकोणीस वर्षं मी एका बाजूचं बोलणं
दुसऱ्या बाजूला नेऊन सोडतो,
नाक्यावरचा शिपाई गाडी सोडतो तसं,
आत काय भरलंय ते फारसं न बघता.

यल्लुबाई कामकर, खासबाग, मागची गल्ली.
पंचनामा घेऊन आली तेव्हा
पिशवीत एक साडी होती, वळकटी केलेली,
काठाचा जांभळा अंगभर पसरलेला.
अशा सव्वीस. शिवाय दोन माग, सूत,
आणि विम्याची पॉलिसी. हप्ता एकही चुकलेला नाही.

तलाठ्यानं कन्नडात लिहिलं होतं,
'हळ्ळक्के प्रवाह बंदु', आणि खाली नुकसानीची यादी.
नाल्याला पूर येऊन.
कन्नडात प्रवाह म्हणजे पूर.
हे मला ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं.
पण लाईट गेलेली, चार माणसं खोळंबलेली,
आणि माझ्या आईच्या बोलण्यात प्रवाह म्हणजे
नुसतं वाहणं.
हात आईकडं गेला.
मी लिहिलं, फ्लो.

कंपनीचं पत्र सात आठवड्यांनी आलं.
पूर असता तर भरपाई होती.
जमिनीखालून झिरपलेलं, हळूहळू शिरलेलं पाणी
पॉलिसीतून वगळलेलं आहे.
आपण जोडलेल्या कागदात पूर हा शब्दच नाही,
फ्लो आहे.
सबब.

सर्वेअर हंचिनमनी तसा सज्जन. चहा नको म्हणाला,
टेप लावून भिंतीवरची रेघ मोजली, तीन फूट दोन इंच.
मग विचारलं, 'बाई, पाणी आधी दारातनं आलं
का मागाच्या खड्ड्यातनं?'

यल्लुबाईला खोटं जमत नाही.
'पाय खड्ड्यात होते की ओ. पायालाच आधी कळालं,
गार लागूलालं. वर बघते तर
दार ढकलून पाणी आत येऊलालं.'
त्यानं पायापर्यंतच लिहून घेतलं.

खड्ड्यातून म्हणजे खालून,
खालून म्हणजे झिरपून,
झिरपून म्हणजे वगळून.
इतका सरळ रस्ता अख्ख्या खासबागेत नाही.

ग्राहक आयोगात तिचा वकील, कोवळा पोरगा,
कोट मोठा झालेला, उभा राहून म्हणाला,
शब्दाचे दोन अर्थ निघत असतील
तर ज्यानं तो लिहिला त्याच्याविरुद्ध वाचावा,
असा न्याय आहे.
तो पॉलिसीतल्या 'झिरपणे'बद्दल बोलत होता,
कंपनीकडं बोट करून.
मी मागच्या बाकावर होतो.
तिथून माझ्यापर्यंत
बोटाला फार लांब यावं लागलं नाही.

त्याच संध्याकाळी दुरुस्तीचं शपथपत्र केलं.
माझी चूक, माझी सही, माझाच शिक्का.
यल्लुबाईनं चाळीस रुपये टेबलावर ठेवले.
नको म्हटलं.
'घ्या, आणि पावती द्या.
फुकटचा कागद कोण खरा धरतंय?'

कंपनीचा वकील म्हणाला, ही मागाहून सुचलेली पश्चातबुद्धी.
ते खोटं नव्हतं.
तारीख पुढच्या महिन्यात. सातवी.

दिवाळी दोनदा येऊन गेली, तिनं भिंत रंगवली नाही.
रेघ पुसली तर पुरावा जाईल.
लेकीला बघायला पाहुणे आले
तेव्हा रेघेपुढं खाट उभी केली,
खाटेवर नवी चादर.
पाहुण्यांपैकी कुणी काही विचारलं नाही,
पण चहा पिताना म्हातारा चादरीच्या वर बघत होता,
जिथं भिंतीचा रंग बदलतो.

चुना मात्र आणून ठेवलाय कोपऱ्यात,
पिंपाला झाकण, झाकणावर वीट.
परवा गल्लीतून जाताना विचारलं,
चुना खराब नाही ना झाला?
माग थांबवून म्हणाली,
'कोरडाच हाय.
पाणी घालायचं तेवढं राहिलंय.'